खडा

उदगीर. डाळ मिलच्या मागे
गयाबाई पोत्यावर, मी उकिडवी.
रकाना अकरा : कौशल्य.
"निवडणं," त्या म्हणाल्या. बावीस वर्षं.
मग कॅमेऱ्याचं यंत्र आलं,
फुंकर मारून खडा उडवतं.
आता त्या यंत्राखालचं झाडतात.

'निवडणं'ला सांकेतिक क्रमांक नाही.
मी 'इतर' लिहिलं.

फायलीतून आलेखाचा कागद घसरला.
राज्यातले सगळे तालुके, ठिपके ठिपके,
आणि वर चढत गेलेली एक रेघ.
त्यांनी तो सुपासारखा दोन्ही हातांनी धरला,
जरा हलवलासुद्धा.
"ह्यो एक खडा ऱ्हायलाय की, बाई."
नखाखाली, रेघेपासून लांब,
त्यांचाच तालुका.

पुण्याहून निघताना सर म्हणाले होते,
तेवढा ठिपका काढून टाक,
रेघ सुधारेल.