गडसु

कॉइल बाहेर काढून इराप्पानं
जुन्या पेपरावर ठेवली,
मासळी ठेवावी तशी.
पांढऱ्या खपल्यांखाली तांबं कुठं दिसेना.
"नीर गडसु ऐत्री, वहिनी.
दीड वर्ष टिकली म्हणजे पुष्कळ झालं की."

गडसु. लग्न होऊन चिकोडीत आले
तेव्हा वाटलेलं, कुणाचं आडनाव असेल.
मग डाळ शिजेना.
चार शिट्ट्या, सहा शिट्ट्या,
दाणे वरणाच्या तळाशी खड्यांसारखे बसून.
सासूबाई काही बोलल्या नाहीत.
मामंजींनी ताट सरकवलं, एवढंच.
शेजारच्या गौरव्वानं कंपाउंडावरून सांगितलं,
नळाचं डाळीला, बोअरचं बाकी सगळ्याला.
नळ आठव्या दिवशी, पहाटे.
पाण्याआधी त्याला खोकला येतो.

तेव्हापासून घरात दोन पिंपं, दोन तांबे,
आणि चहा ठेवणाऱ्याला एकच प्रश्न,
"कुठलं घेतलंस?"
तोट्यांना चिंचेचा कोळ.
शॉवरची भोकं गोधडीच्या सुईनं, रविवारी,
रेडिओवर धारवाड लागलेलं असताना.
पेल्यावर वाळलेल्या थेंबाचं वर्तुळ
पुसलं की शेजारी सरकतं.
कंगवा कुठं अडणार, तेही पाठ झालंय.

मे महिन्यात जांबोटीला गेले, माहेरी.
न्हाणीत साबण लावला आणि तो निघेचना.
तांब्यावर तांबे ओतले.
हात हातावरून घसरतोय,
जणू अंगावर दुसरीच कुणाची कातडी.
दाराबाहेरून आई,
"अगं, निघालाय कधीचाच.
आपलं पाणी मऊ. विसरलीस?"
तशीच उभी राहिले थोडा वेळ,
बोटांना काहीतरी खरखरेल म्हणून.
रात्री वरणात एकही दाणा सापडला नाही.
छान झालंय, म्हटलं.

इराप्पा नवी कॉइल आवळतोय.
मी नखानं एक खपली फोडली.
आत थर आहेत, कांद्याच्या पातीहून बारीक.
यातला एखादा दिवाळीचा असणार,
पहाटे ओळीनं सगळ्यांची न्हाणी झाली त्याचा.
पेपराची पुरचुंडी केली.
कचऱ्यात टाकायची ती फडताळात ठेवली,
का, ते विचारू नका.

"थोडं पाणी द्या की प्यायला."
माझा हात नळाच्या पिंपाकडं गेला.
इराप्पानं मान हलवली,
"ते ऱ्हाऊ द्या, वहिनी. डाळीला ठेवा.
आमच्या घरी पण हेच."
आणि बोअरचा तांब्या
वरून, ओठ न लावता,
घटाघट.