डावीकडून

पहिल्यांदा बुजली ती एका पिशवीला.
तबेल्यामागच्या कुंपणात अडकलेली निळी पिशवी,
समुद्राकडून वारा आला, पिशवी फुगली,
आणि घैमा मला फरपटत खजुरांपर्यंत घेऊन गेली.

घैमा म्हणजे ढग. मालकानंच सांगितलं.
बर्क्यात तीन उन्हाळे काढले मी,
ढग म्हणून एवढी एक घोडीच बघितली.

मग पाण्याच्या पाइपाला. मग उपड्या घमेल्याला.
मग मशिदीचा भोंगा बोलायच्या आधी खरखरतो ना, त्या खरखरीला.
रमजान निम्मा झाला तोवर
अल्लाडिनोच्या दोरीवर वाळणाऱ्या सलवारीला,
जी ती दोन वर्षं रोज हुंगत आली होती.

मुराद म्हणाला, नाटकं.
आठ दिवस दे, सरळ करतो.
आठ दिवसांत ती चाबकालाही बुजायला लागली,
आणि माझ्या खांद्यावर तिचे दात उमटले, ते वेगळंच.
खल्फान सावकाश बोलणारा माणूस.
गाडीच्या बॉनेटवर कॉफीची वाटी ठेवून म्हणाला,
ईदनंतर रुस्ताकला, बाजारात.
भटू, तू वाईट वाटून घेऊ नकोस.

मी कशाला वाटून घेऊ.
घोडी त्याची, चारा त्याचा,
माझा पासपोर्टही त्याच्याच कपाटात.

त्या रात्री झोप नव्हती. वाराही नव्हता.
आमचे आप्पा सारंगखेड्याच्या यात्रेत
रुमालाखाली बोटं धरून सौदे करायचे.
एकदा एका लाथाळ घोड्यापाशी मला म्हणाले होते,
ज्याला पुरतं दिसतं ते भीत नाही.
ज्याला काहीच दिसत नाही तेही फारसं भीत नाही.
पुढचं बोलणार तोच गिऱ्हाईक आलं.

मी उठलो. मोबाइलची बत्ती लावली.
उजव्या डोळ्याजवळ बोट नेलं, पापणी मिटली.
डाव्या डोळ्याजवळ नेलं.
आणखी जवळ.
पापणीचे केस बोटाला लागेपर्यंत जवळ.
बुबुळावर निळसर साय धरलेली,
दुधावर धरते तशी, निवताना, कुणाचं लक्ष नसताना.

आणि घोड्याकडे जायचं ते डावीकडून,
हे तर आम्हाला चड्डीत असल्यापासून शिकवलेलं.
लगाम डावीकडून, खोगीर डावीकडून,
रिकिबीत पाय डावीकडून.
किती महिने आम्ही सगळे,
मुराद, अल्लाडिनो, मी, घमेलं, सलवार,
अगदी शिस्तीत
काही नसलेल्यातून उगवत होतो तिच्या अंगावर.

मस्कतहून डॉक्टर आला. थेंब दिले.
गेलेलं येणार नाही म्हणाला, आहे ते सांभाळा.
रुस्ताकचं बारगळलं. एका डोळ्याच्या घोडीला भाव कोण देणार,
की खल्फानच्या मनात आणखी काही होतं,
मी विचारलं नाही.

आता मी बोलत बोलत जातो तिच्याकडे.
मी भटू, माय.
हा पाइप. पाइपच आहे.
हे घमेलं, कालचंच.
ही अल्लाडिनोची सलवार, ओली आहे.
अल्लाडिनो हसतो, मराठी शिकवतोस काय तिला?
पण परवा त्याला ऐकलं, पाठमोरा, हलक्या आवाजात,
पाइपच आहे, माय, पाइपच आहे.

सकाळी ओहोटीला किनाऱ्यावर नेतो.
जाळं ओढणारी जीप घरघरते, तिचा डावा कान तिकडे वळतो,
पाठीवरून एक शहारा निघतो आणि शेपटापाशी विरतो.
रोज जमतं असं नाही.
काल दोर तोडून पार हमरस्त्यापर्यंत गेली होती.

रात्री अडीचला फोन वाजला. गावाकडचा नंबर.
इथे अडीच, म्हणजे तिथे चार.
मी बाजेवरून उडालोच.
तिनं दारावरून मान काढली, पुरती वळवली,
चांगला डोळा माझ्यापर्यंत आणला.
फोन आहे, मी तिला म्हणालो. फोनच आहे.
मग उचलला.