अर्जदार पगार

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे अपघात टाइप केले.
"सामनेवाले क्रमांक एक याने त्याचे ताब्यातील वाहन
हयगयीने, बेदरकारपणे व अविचाराने चालवून..."
कळवणची जीप, ओझरचा ट्रॅक्टर,
कसारा घाटात ब्रेक गेलेला कंटेनर,
सगळे माझ्याकडून याच एका वाक्यातून गेले.

मग माझा झाला.

साडूकडून निघालो, रात्रीचे पावणेअकरा,
शेअरची गाडी, भाडं बासष्ट रुपये,
मागे आधीच एक नर्सबाई झोपलेली.
पाथर्डी फाट्याला उलट्या बाजूने टेम्पो आला,
दिवे नाहीत, नंबर नाही,
आला तसा गेला.
त्या पोराने, अर्शद मणियारने, माझं डोकं मांडीवर धरलं.
"काका, झोपू नका, नाव सांगा."
मी म्हटलं, पगार.
त्याला वाटलं, शुद्ध जातेय, पैसे मागतायत.

सिव्हिलमध्ये डॉक्टरने अठरा टक्के लिहिले.
उजवी करंगळी आणि अनामिका वळत नाहीत.
तुम्हाला दोन बोटं.
आमच्या मशीनवर करंगळीखाली च आणि य,
अनामिकेखाली स आणि व.
आता 'न्याय' लिहिताना अडतो,
'चहा' लिहितानाही तेवढाच अडतो.

ॲपवाल्यांचं उत्तर आलं अडीच ओळींचं:
आम्ही केवळ प्रवासी व चालक यांची गाठ घालून देतो.
लग्न जमवणारेही असंच म्हणतात,
पण दोन्हीकडचं जेवून झाल्यावर.
खाली पाच कोरे तारे,
आपला प्रवास कसा झाला?

धात्रक वकील म्हणाले, उत्पन्नाचा पुरावा आणा.
आडनाव पगार आहे, साहेब,
पगारपत्रक कधीच नव्हतं.
पानाला वीस रुपये, झेरॉक्स वेगळी,
आषाढात गिऱ्हाईक निम्मं.
"मग महिना बारा हजार धरू," ते म्हणाले.
मला वाटलं, जास्त सांगतोय.

अर्ज शेजारच्या टेबलावर,
सुलभा खैरनारच्या लॅपटॉपवर.
मी सांगायच्या आधीच ते वाक्य तिथे होतं,
एक बटण दाबलं की येतं म्हणे.
हयगयीने, बेदरकारपणे.
मी म्हटलं, खोड ते.
वकील हसले, काका, पैसे विमा कंपनी देते,
पोराच्या खिशातून नाही जात.

पण मी निकालाच्या नकलाही टाइप केल्यात.
पॉलिसी घरगुती, गाडी भाड्यावर,
अशा वेळी हुकूम काय होतो मला पाठ आहे:
विमा कंपनीने आधी भरावे,
नंतर वाहनमालकाकडून वसूल करावे.
आणि मालक तोच. हप्ते अजून चालू.

वाक्य राहिलं.
फिजिओवाली बैठकीला साडेतीनशे घेते.
डाव्या हाताने सही केली,
दुसरीतल्या पोरासारखी.

तारखेला अर्शद आला, समन्सची घडी घामाने मऊ झालेली.
बाकावर माझ्याशेजारीच बसला.
टेम्पोबद्दल बोलला नाही.
"काका, तुमचा हात?"
मग जरा वेळाने,
"कैफियत द्यायची म्हणतात.
मला कोर्टाचं लिहिता येत नाही.
तुम्ही सांगाल का? जे होतील ते देतो."

सुलभा माझ्याकडे बघतेय.
मी खुर्ची ओढून घेतो.
लिही.
कलम एक.
अर्जदाराचे अर्जातील कथन खोटे, लबाडीचे
व सामनेवाले यांस नाकबूल आहे.

"लबाडीचे कशाला, काका?" पोरगं मध्येच म्हणतं.

तसंच लिहितात, बाळा.
समास सोड, सुलभा.
आणि टेम्पोचं वेगळ्या कलमात घे,
नीट, सगळं,
दिवे नव्हते तेही.