अंदाजे पूर्ववत

कायद्यात शब्द आहेत : अंदाजे पूर्ववत.
म्हणजे डोंगर उचलून कोळसा काढलात
तर डोंगर परत ठेवायचा,
होता तसा. अंदाजे.
अंदाज कोणाचा, ते लिहिलेलं नाही.

मार्चमध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.
त्या सकाळी गेटवर रखवालदार फर्मन एकटाच,
किल्ल्यांचा जुडगा पुढे धरून उभा.
घ्यायला कोणी आलं नाही.
लेक्सिंग्टनच्या कोर्टात घेणेकऱ्यांची यादी वाचली :
बँक, टायरवाला, सुरुंगाची दारू पुरवणारा,
फिरते संडास भाड्याने देणारासुद्धा,
चारशे बारा डॉलर, सत्तर सेंट.
आमचं पेन्शन एकतिसाव्या पानावर.
पॉपॉ ओढा कुठल्याच पानावर नव्हता.

वकील म्हणाला, बकआय नॉबवर कंपनी पाणी सोडते आहे.
पाणी तर तिने केव्हाच सोडलं होतं,
नारिंगी, आंबूस,
दगडांवर गंजाची साय धरणारं.
माझ्या मुलीने पहिलीत ओढा काढला
तेव्हा निळा खडू उचललाच नाही.
बाईंनी विचारलं, तर म्हणाली,
हा आमच्या इथला आहे.

सरकारने अनामत जप्त केली, मोजली :
डोंगर भरायला जेवढं डिझेल लागतं
त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.
मग इन्स्पेक्टर क्विलन बाईंचा फोन.
तासाला बावीस डॉलर, एल्ड्रेड,
ते मशीन तुझ्या ओळखीचं आहे.
डोंगरही होता, असं मी म्हणालो नाही.
एकोणीस वर्षं त्याचा माथा
मीच ढकलला होता दरीत,
त्याच ब्लेडने, त्याच सीटवर,
जिच्या फाटक्या रेक्झिनवरची चिकटपट्टीही माझीच.

क्विलन बाईंच्या नकाशात
डोंगर म्हणजे पालथं घातलेलं भांडं.
कोणाचंही. कुठलंही.
तिसऱ्या दिवशी खालच्या वाटेवर
लोरेना स्परलॉक घडीची खुर्ची घेऊन आली.
चाळीस वर्षं भांडी घासताना
तिच्या मोरीच्या खिडकीत हाच डोंगर.
बसली, आणि हातातलं पुसणं हलवू लागली :
डावीकडे. अजून डावीकडे.
तिथे खांदा होता त्याला,
झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

मी नकाशा सीटखाली सारला.

अकरा आठवडे.
ती पुसणं हलवायची, मी माती.
कधी चिडायची, कधी डुलकी घ्यायची,
एकदा तासभर ओरडत राहिली, ते मला ऐकूच आलं नाही,
मग सगळा उतार पुन्हा काढला.
तिचा नवरा अर्ल जमिनीखालच्या खाणीतला होता,
छातीत धूळ घेऊन गेला.
त्याच्याबद्दल ती एकदाच बोलली :
त्याला हा नागडा बघावा लागला नाही, बरं झालं.

बाराव्या सोमवारी डिझेल संपलं.
खांदा झाला होता. मान नव्हती.

क्विलन बाईंनी दुर्बीण लावली.
नकाशापेक्षा चौदा फूट फरक.
पेन झटकलं, माझ्याकडे पाहिलं,
पुसणं मांडीवर ठेवून बसलेल्या लोरेनाकडे पाहिलं,
आणि रकान्यात लिहिलं : अंदाजे.

मग टँकर आला, गवताचं बी फवारून गेला,
बियांसोबत हिरवा रंग,
उगवायच्या आधीच हिरवं दिसावं म्हणून.
रात्री पाऊस झाला.
दोन दिवस पॉपॉ ओढा
एका काठाने हिरवा वाहिला, एका काठाने नारिंगी.

माथा गेल्यापासून लोरेनाच्या स्वयंपाकघरात
ऊन अकरा मिनिटं जास्त रेंगाळायचं.
डोळ्यांवर यायचं, म्हणून तिने पडदा घेतला होता,
पिवळा, डॉलर स्टोअरमधला.
परवा भेटली. म्हणाली, घड्याळ लावून पाहिलं,
सहा मिनिटं परत आली.

पडदा काढला का, मी विचारलं.

राहू दे, म्हणाली. पाच आहेत अजून.

चुन्याची पोती टाकायला
मी दर गुरुवारी ओढ्यावर जातो. त्याचे पैसे
सप्टेंबरपर्यंतचे आहेत.