सव्वा तास

ओटावाहून कुणीतरी फोनवर विचारतंय :
ग्रीस फियॉर्ड ते रेझोल्यूट, विमानाला किती वेळ लागतो?
तक्त्यात आहे ते मी सांगते.
अंतर चारशे किलोमीटरला थोडं कमी.
वेळ, सव्वा तास.
पलीकडे पेन खरखरतं. फोन ठेवला जातो.

आमच्या भाषेत आमच्या गावाचं नाव
‘जिथे बर्फ वितळत नाही’,
त्यांच्या गावाचं ‘जिथे पहाट होत नाही’.
मधे सव्वा तास.

सांगायचं राहिलं ते असं, की
गेल्या मंगळवारी विमान आलं,
कड्याला पंख घासेल असं वळलं,
खडीच्या पट्टीवर दोन घिरट्या घातल्या
आणि माघारी गेलं.
सव्वा आणि सव्वा, अडीच तास,
टोमॅटो जिथले तिथे.
बुधवारी धुकं.
गुरुवारी धुकं नव्हतं, वैमानिकाचे तास संपले होते.
शुक्रवारी आडवा वारा.
शनिवारी सगळं ठीक, फक्त पट्टीवर अस्वल.
पाउलूसीनं बर्फगाडी काढून त्याला समुद्राकडे पिटाळलं,
तोवर पुन्हा धुकं.

माझ्याकडे मालाचा काटा आहे.
त्याच्यावर मी माणसांनाही उभं करते, बुटांसकट.
इथे बाळंतपण होत नाही. छत्तिसावा आठवडा लागला
की बाईनं रेझोल्यूटला जायचं, तिथून इकालुइट,
आणि परक्या खोलीत दिवस मोजायचे.
माझी धाकटी बहीण सियासी चढली : एक्क्याऐंशी.
यादीत लिहिलं, प्रवासी एक.
मी म्हटलं, एकच?
वैमानिक म्हणाला, वजन बरोबर आहे ना, मग झालं.

आजोबा इथे बोटीनं आले, त्रेपन्न साली.
सरकारी माणूस म्हणाला होता,
शिकार चांगली आहे, नाही आवडलं तर दोन वर्षांत परत नेऊ.
इनुकजुआक इथून किती लांब,
जायला किती वेळ,
असला तक्ता तेव्हा कुणी भिंतीवर लावला नव्हता.
परवा कॉम्प्युटरला विचारलं.
त्यानं नकाशावर एक रेघ ओढली, दोन हजार किलोमीटर,
चुटकीसरशी.
त्या रेघेच्या या टोकाला
आजोबा सव्वीस वर्षं बसून होते
सीलच्या कातड्यावर, दक्षिणेकडे तोंड करून.
परतीच्या विमानांची वेळ झाली तेव्हा
ते मातीत होते. म्हणजे खडीत. इथे माती कुठे.

सियासी सात आठवड्यांनी आली.
चार दिवस रेझोल्यूटला अडकली होती,
हॉटेलात फक्त नूडल्स.
पार्क्याच्या टोपीतून एक काळं जावळ दिसलं.
यादीत ते नव्हतं, मांडीवरच्यांना तिकीट नसतं.
नाव सामविली ठेवलंय, म्हणाली.
आजोबांचं नाव मिळालं की तो आजोबाच,
आमच्यात तसंच हाक मारतात.
मी म्हटलं, या आजोबा,
बऱ्याच उशिरा आलात, आणि तेही विमानानं.

काट्यावर ठेवलं. शून्य.
मालाचा काटा तो, पाच किलोखालचं ओळखत नाही.
सियासी म्हणाली, थांब,
आणि त्याला उचलून स्वतःच वर चढली,
बुटांसकट.
मी वाकून आकडा बघतेय,
मागे पाउलूसी टोमॅटोच्या पेट्या उतरवतोय,
वैमानिक खिडकीतून मनगटावर बोट मारून दाखवतोय,
खाडीच्या तोंडाशी धुकं उभं आहे,
आणि आत ऑफिसात
फोन वाजतोय.