खांद्याची वाटी

हुरड्यावर आलेली ज्वारी,
आणि भोरड्यांचा थवा, आधी धूर वाटतो, मग आवाज.
सोजरमावशी मचाणावर उभी राहिली,
गोफणीत ढेकूळ ठेवलं,
डावा पाय पुढे, कंबर जरा मागे,
आणि तिसऱ्या फेऱ्याला
खांदा निखळला.

ढेकूळ मात्र गेलं.
नेमकं थव्याच्या पोटात.
हे ती आजही आधी सांगते,
दुखणं नंतर.

लातूरच्या डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली.
"बशीवर लिंबू ठेवावं, मावशी,
तसा असतो माणसाचा खांदा.
मांडीच्या हाडाला खोल उखळ आहे. इथं नुसती बशी."
ती म्हणाली, "कोण कारागीर हो ह्यो?
लईच हलकं काम करून गेला."

मी रेणापूरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते,
गप्प बसवत नाही.
परतीच्या बसमध्ये सांगत राहिले,
कारागीर कुणी नव्हता गं,
वीस लाख वर्षं होती.
नखं बोथट, सुळे आखूड,
पळण्यात सशाच्याही मागे, अशी माणसं.
त्यांच्यात कुणाचा खांदा थोडा खाली उतरला,
कुणाची कंबर छातीपासून सुटी वळू लागली,
कुणाच्या दंडाच्या हाडाला पीळ बसला.
हात मागे नेला की आतल्या दोऱ्या ताणतात,
धरून ठेवतात,
मग एकदम देऊन टाकतात.
वाटी खोल असती तर खांदा निखळला नसता,
आणि थवाही उठला नसता.
वानराच्या हातात दगड दे,
तेही फेकेल,
आपण खरकटं पाणी अंगणात फेकतो तसं.

ती ऐकत होती की नाही, कोण जाणे.
बाहेर लिंबावर वानरं बसली होती, तिकडं बघत
मधेच म्हणाली, "बाया फेकायच्या का तव्हा?"
मला माहीत नव्हतं.
पुस्तकातल्या चित्रात तरी दाढीवालेच होते.
"फेकायच्याच," ती म्हणाली.
"पोर काखेत. दुसरा हात रिकामाच की."

आता तिचा हात गळ्यात बांधलेला.
मचाणावर तिची नात, नऊ वर्षांची वेणू,
गोफणीचं एक टोक बोटात अडकवून उभी.
"आजी, दुसरं कधी सोडू?"
"हातालाच कळतंय."
"तू सांग ना, सोड म्हणून."
"मी सोड म्हणेपर्यंत उशीर झालेला असतोय, बाई."

मी खाली धुऱ्यावर बसून
या एका वाक्यापाशी अडकले.
सोड हा शब्द तोंडात यायच्या
किती आधी तो बोटांत होता?

पहिलं ढेकूळ माझ्या डोक्यावरून गेलं.
दुसरं मचाणाच्या पायावर फुटलं.
भोरड्या खातच होत्या.
वेणूनं ओठ दाताखाली धरले,
डावा पाय पुढे टाकला,
कुणी न सांगता,
कंबर जरा मागे ठेवली.