हजाराची मोजणी

त्या उन्हाळ्यात माझ्या ताब्यात एक लाल पेन होतं
आणि पूर्व भागाचा घड्या पडलेला नकाशा.
हुद्दा : कनिष्ठ लिपिक.

सकाळी रेषा ओढली,
पाण्याच्या टाकीपासून मारुतीच्या पारापर्यंत.
बांबू आले, पत्रे आले, दोन होमगार्ड खुर्च्या शोधू लागले.
अकराला फोन आला.
साहेब आधी "हो" म्हणाले, मग "हो हो",
मग माझ्याकडे न बघता,
"रेषा जरा खाली घे. वर नगरसेवकांचं मंगल कार्यालय येतंय."

घेतली खाली.
खाली घरकुलं होती, एका खोलीत सात माणसं,
टोपलीत भिजत घातलेलं तेंदूचं पान
आणि बंद मागांचा न येणारा आवाज.

दिल्लीचं पत्र आलं, मुंबईचं आलं,
दोन्हींवर "तात्काळ".
एका पक्षाला आकडा खाली हवा होता,
दुसऱ्याला वर, तोही बातम्यांच्या वेळेआधी.
तांदळाच्या पिशवीवर कुणीतरी हसत होतं;
वेगळ्या हसण्याची पिशवी चौक ओलांडू शकत नव्हती.
पालकमंत्री येणार कळल्यावर
एका रात्रीत वॉर्ड धुतला गेला.
फिनेलचा वास मंत्र्यांपेक्षा जास्त दिवस टिकला.

भूदेवी म्याकल खिडकीशी आली, पदर नाकावर धरून.
"मालकांचं नाव यादीत नाही."
म्हटलं, "अहवाल यायच्या आधीच गेले ते.
म्हणून 'इतर कारणे'मध्ये."

ती थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली.
"मी रोज हजार विड्या वळते, साहेब. न बघता.
पंचवीसची एक, अशा चाळीस गड्ड्या.
एका गड्डीत एक कमी भरली
तर कारखान्यातला चेकर सगळा माल फेकतो अंगावर.
तुमच्यात चेकर कोण आहे?"

मी म्हटलं, अर्ज द्या.
तिनं दिला. अंगठा नाही, सही केली,
तेलुगू अक्षरांत, गोल गोल, सावकाश.
आवक नंबर मात्र मी बरोबर टाकला.

पुढे त्याच मंगल कार्यालयात लसीकरणाचा मंडप पडला.
फीत कापताना मीही टाळ्या वाजवल्या,
सगळेच वाजवत होते.

एका रात्री घरी बोटांवर मोजायला बसलो,
टाकीपासून पारापर्यंत, दार बाय दार.
दोनदा मोजलं. दोन्हीदा वेगळं आलं.

सकाळी अहवालात
तिसराच आकडा लिहिला.